ओळंब्याचा टेकू

त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीच्या टोकाला वजन बांधलेलं ते हत्यार, चौकट सरळ उभी आहे की कलली आहे ते दाखवणारं, त्यावरून. माणूसही तसाच होता. कुणाकडे चहाला गेला तरी आधी दाराची चौकट बघायचा, आणि ती कललेली असली की त्याला चहा गोड लागायचा नाही. बायको म्हणायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघत होते."

घरातला पलंग त्यानंच केलेला. नवीन गिऱ्हाईक आलं की तो त्याला घरी आणायचा आणि खिशातली काचेची गोटी पलंगाच्या फळीवर ठेवायचा. गोटी जागची हलायची नाही. मग गिऱ्हाईक हसायचं, आणि काम ठरून जायचं. बायको दाराशी उभी राहून हे बघायची. तिला ते पाठ झालं होतं.

तिला छातीत जळजळ व्हायची. जेवली की घशाशी आंबट यायचं, आडवी झाली की जास्तच. बरीच वर्षं चाललं होतं. घरात कुणी त्याला आजार म्हणत नसे. कुणाचं डोकं दुखतं, कुणाचे गुडघे, तसं तिचं हे. शेवटी ती चौकातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळ्या दिल्या, रात्री लवकर जेवायला सांगितलं, आणि म्हणाले, पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घाला, म्हणजे निजल्यावर पोटातलं आम्ल वर चढणार नाही.

शेजारी बांधकाम चालू होतं. तिनं त्याच दिवशी तिथून विटा मागून आणल्या आणि शेजारणीच्या मदतीनं पलंग उचलून पायांखाली घातल्या. संध्याकाळी तो घरी आला आणि दारातच थांबला.

"पलंगाला काय झालं?"

"काही नाही. डोक्याकडून उंच करायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"विटांवर? सुताराच्या घरात पलंग विटांवर?"

"मग काय झालं? कोण बघतंय?"

"कोण बघतंय म्हणजे! शनिवारी गिऱ्हाईक येणार आहे. त्याला काय सांगू, आमचा पलंग बुडायला लागलाय?"

ती हसली. तो हसला नाही. एक रात्र तो त्या उतारावर कसाबसा झोपला आणि सकाळी उठल्या उठल्या विटा काढून अंगणात ठेवल्या. "याच्यापेक्षा चांगलं करून देतो तुला," तो म्हणाला. "थांब दोन-चार दिवस."

त्यानं मनापासून केलं, हे कबूल करायला हवं. टेपनं तिची पाठ मापली. खुर्चीची फक्त पाठ असावी तसा एक टेकू तयार केला, पलंगावर ठेवायचा. पट्ट्यांना तिच्या पाठीचा बाक दिला, कापूस भरून वर जाड कापड ठोकलं. त्याला टेकलं की माणूस अर्धा बसलेला, अर्धा निजलेला. जगासाठी तो खुर्च्या, कपाटं, दारं करत आला होता. तिच्या एकटीच्या मापाची वस्तू त्यानं पहिल्यांदाच केली होती.

ती टेकून बसली. तो समोर उभा, कानावर पेन्सिल.

"कसं वाटतंय?"

"छान."

तोपर्यंत तो खाली वाकून टेकूची एक कड अंगठ्यानं तपासत होता. कड किंचित खरखरीत लागत होती. कानस आणायला तो बाहेर गेला.

*

टेकूला गिऱ्हाईकं मिळायला वेळ लागला नाही. पहिला बायकोचा धाकटा भाऊ. तो बस चालवायचा, मिळेल तिथे मिळेल ते खायचा, आणि त्यालाही जळजळ होती.

"दाजी, हे काय? विमानातली सीट उचलून आणलीत का?"

"बसून तर बघ."

मेहुणा बसला. मागे रेलला. "बरं आहे की! पट्टा कुठे बांधायचा?" मग बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, खरं सांग, फरक पडतो का?"

ओळंबा समोर जेवत होता. त्याचा घास तोंडातच थांबला. तिनं त्याच्याकडे बघितलं.

"पडतो ना," ती म्हणाली.

नंतर तेच होऊन बसलं. कुणी टेकूची चौकशी केली की तो म्हणायचा, "मला विचारू नका, हिला विचारा. वापरणारी ही आहे." आणि ती दाराशी उभी राहून सांगायची, फरक पडतो.

एकदा चहाची भुकटी काढताना डब्यात त्याला गोळ्यांची पट्टी सापडली.

"अजून घेतेस या?"

"कधीतरी."

"मग मी टेकू कशाला केला?" हसतच म्हणाला तो, पण त्या दिवशी जेवताना बोलला नाही. पुन्हा त्याला डब्यात पट्टी दिसली नाही. तो समजला, गरज उरली नसेल. पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायला त्याच्याकडे आणखी एक वाक्य आलं: "आमच्या घरात तर गोळ्याच बंद झाल्या."

तो कुठे काही लिहून ठेवत नसे. कुणाला दिला हे त्याला लाकडावरून आठवायचं. मेहुण्याचा देवदाराचा. बेकरीवाल्याचा सागाचा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा शिसवी, कारण तो तुकडा उरलेला होता आणि म्हाताऱ्याला काळा रंग आवडायचा. असे आठ-नऊ गेले. नवव्याच्या वेळी त्याच्या लक्षात आलं होतं, की बायको अलीकडे सगळ्यांच्या मागून जेवते आणि पाव चहात बुडवल्याशिवाय खात नाही.

"दात पडले का तुझे?" त्यानं विचारलं होतं.

"असंच बरं लागतं," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

*

तो नववा टेकू बाईंसाठी होता. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली, मेहुणासुद्धा. सकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा, घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, आणि कुणीतरी सांगितलं होतं की हेही जळजळीमुळंच होतं. रविवारी दुपारी त्या टेकू न्यायला आल्या. मेहुणा आलेलाच होता. सगळे जेवायला बसले.

"तू का उभी?" बाई बायकोला म्हणाल्या. "बस. वाढणारे हात आमच्याकडेही आहेत."

ती बसली. बटाटा घेतला, पावाचा तुकडा घेतला. दोन घास गेले. तिसऱ्याला तिचा हात छातीवर गेला. डोळ्यांत पाणी आलं. पाणी प्यायली, ते खाली जाईना. तोंडावर पदर दाबून ती उठली आणि मागच्या मोरीकडे गेली.

तिथलं सगळं ऐकू येत होतं. घर लहान होतं.

ओळंब्यानं आवाज चढवला. टेकूच्या सांध्यांबद्दल बोलू लागला. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेत, वगैरे. मोरीतून आवाज आला की तो आणखी मोठ्यानं बोलायचा. मेहुणा ताट सोडून आत गेला. बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"हे नेहमी होतं का हिला?"

"घाई करते खायला," तो म्हणाला. "किती सांगितलं, सावकाश खा म्हणून."

ती उभ्या आयुष्यात घाईनं जेवली नव्हती. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो बोलून गेला. कारण बाईंचा टेकू चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि बाई अधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या.

बाई गेल्या. जाताना टेकू घेऊन गेल्या. रिक्षात तो त्यानंच नीट ठेवून दिला.

परत आला तेव्हा मेहुणा बहिणीजवळ बसला होता. "कधीपासून, ताई?"

"झाले काही महिने." तिचा आवाज खरखरत होता. "आधी मांस अडकायचं. मग पाव. आता भातसुद्धा कधीकधी."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मेहुणा ओळंब्याकडे वळला. त्याच्या तोंडावर नेहमीची थट्टा नव्हती. "दाजी, उद्या मोठ्या इस्पितळात जायचं. मी रजा टाकतो."

*

तिच्या घशातून नळी घालून आत बघितलं. डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. बाहेर आल्यावर तिनं ओळंब्याला बायकोच्या खाटेजवळ बसवलं आणि एका कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. वर तोंड, खाली पोटाची पिशवी, मध्ये नळी.

"ही अन्ननलिका. पोटाच्या अस्तराला आम्ल सोसतं, हिच्या अस्तराला सोसत नाही. वर्षानुवर्षं आम्ल वर येत राहिलं की इथे भाजतं, व्रण पडतात. व्रण भरताना नळी आवळत जाते. म्हणून घास अडकतो. आज आत फुगा घालून ती थोडी रुंद केलीय. पुन्हाही करावी लागेल." पेनाचं टोक तिनं नळीच्या खालच्या भागावर ठेवलं. "मला काळजी याची आहे. इथलं अस्तर बदललंय. रंगच वेगळा दिसतो. असं झालं की पुढे कर्करोग व्हायची शक्यता वाढते. सगळ्यांना होतो असं नाही. आज झालेला आहे की नाही तेही मला आत्ता सांगता येणार नाही. तुकडे तपासायला पाठवलेत, आठवड्यानं कळेल."

ओळंबा कागदाकडे बघत होता. नळीची रेघ वाकडी आली होती.

"गोळ्या चालू होत्या?"

"बंद केल्या," बायको खाटेवरून म्हणाली.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"मीच."

"झोपता कशा? डोक्याकडून उंच?"

"ह्यांनी टेकू करून दिलाय," ती म्हणाली. "त्यावर."

त्याच्या फोनमध्ये टेकूचा फोटो होता. तो सगळ्यांना दाखवायचा. हात आपोआप खिशात गेला आणि त्यानं फोटो डॉक्टरणीसमोर धरला. तिनं बराच वेळ बघितला.

"तुम्ही केलात? काम सुंदर आहे."

"हो," तो म्हणाला. त्याही वेळी त्याला बरं वाटलं. पुढे कित्येक दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल तर त्या बरं वाटण्याची.

"पण यावर माणूस पोटात दुमडतो," डॉक्टरीण म्हणाली. "पोट दाबलं गेलं की आतलं आम्ल कुठे जाणार? वरच ना. उतार द्यायचा तो सगळ्या अंगाला, एका रेषेत. पलंगच उचलायचा एका बाजूनं."

तिनं आणखी समजावायची गरज नव्हती. तो सुतार होता. फळीला उतार द्यायचा असेल तर फळी एका टोकाला उचलतात, मधोमध वाकवत नाहीत. चार दिवस शिकायला आलेल्या पोरालाही हे कळेल. त्याला कळलं नव्हतं, कारण तो फळीकडे बघतच नव्हता. पलंग सरळ दिसतो ना, एवढंच बघत होता.

"म्हणजे हे सगळं माझ्यामुळं..."

"तसं मी म्हणणार नाही. त्रास आधीपासूनचा आहे. पण गोळ्या बंद आणि वर हे, याचा उपयोग झाला नाही एवढं नक्की." मग फोन परत देताना तिनं सहज विचारलं, "आणखी कुणाला दिलेत का असे?"

"नाही," तो म्हणाला. "घरच्यापुरताच."

खाटेवर बायकोनं मान वळवली आणि त्याच्याकडे बघितलं.

*

मेहुण्यानं त्यांना बसमध्ये बसवून दिलं. अर्धा रस्ता गेला तरी ती खिडकीबाहेरच बघत होती.

"बाईंचा आवाज सकाळी बसतो," ती म्हणाली.

"हं."

"त्यांनीही गोळ्या बंद केल्या असतील. मीच सांगितलं होतं त्यांना."

"आधी तुझा रिपोर्ट येऊ दे. मग बघू."

"तोवर त्या त्याच्यावरच झोपतील," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं हातगाडी काढली. टेकू परत आणायचे, एवढं ठरलं होतं. काय सांगून आणायचे, ते ठरत नव्हतं. पहिल्यांदा मेहुण्याकडे गेला. मेहुण्याचा टेकू गॅलरीत होता आणि त्यावर कुत्रा झोपला होता.

"दाजी, खरं सांगू? मी त्याच्यावर एक रात्र झोपलो. सकाळी तोंडात लिंबू पिळल्यासारखं. तेव्हापासून ह्याला दिलाय. ह्याला काही जळजळ नाही."

"मग सांगायचं नाहीस?"

"ताईला इतका फरक पडत होता. मला वाटलं, माझ्याच पोटात खोट आहे. आणि तुम्हाला कोण सांगणार? मागे तुमच्या खुर्चीचा पाय हलतो म्हटलं होतं, तर तुम्ही आमच्या फरशीला नावं ठेवलीत."

ओळंब्यानं कुत्र्याला उठवलं आणि टेकू गाडीवर टाकला.

बेकरीवाल्याच्या दारात पोहोचेपर्यंत त्याच्या डोक्यात वाक्य तयार होतं: आमचा टेकू चुकीचा आहे, वापरू नका, गोळ्या सोडल्या असतील तर डॉक्टरांकडे जा. बेकरीवाला पिठाचे हात पुसत बाहेर आला. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. आणि ओळंब्याच्या तोंडून निघालं, "लाकडाला कीड निघालीय. त्या वेळचा सगळा मालच खराब होता. परत न्यायला आलोय."

"अरे! तुम्ही स्वतः आलात? याला म्हणतात कारागीर!" बेकरीवाला गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाला. टेकूबरोबर त्यानं एक पावही दिला, ताईंसाठी म्हणून.

मग सगळीकडे तेच सांगितलं. आयुष्यभर त्यानं कामातल्या चुकीचा दोष लाकडाला देणाऱ्या सुतारांना शिव्या घातल्या होत्या. आता दारोदार जाऊन तो बिनदोष लाकडाला कीड लावत होता, आणि लोक त्याला पाणी देत होते, बसा म्हणत होते. शेवटी प्रत्येकजण एकच विचारायचा: "मग नवीन कधी देताय? चांगल्या लाकडाचा करा हं या वेळी."

तो "बघतो" म्हणायचा.

घड्याळजीचं दुकान बंद होतं. शेजारचा म्हणाला, म्हातारा मुलाकडे राहायला गेला, सामानासकट. कुठल्या गावी ते ठाऊक नाही.

सगळ्यात शेवटी बाई. त्यांनी त्याचं बोलणं ऐकून घेतलं, चष्मा लावला, आतून टेकू आणला आणि टेबलावर आडवा ठेवला.

"दाखवा कीड."

"आतून असते, बाई. वरून दिसत नाही."

"भुसा पडतो ना कीड असली की? मी कालही पुसला हा, आजही पुसला. एक कण नाही." त्यांचा आवाज घोगरा होता, आणि आता दुपार होती. "मला आवडलाय. गोळ्यासुद्धा सोडल्या मी. तुमच्या बायकोनं इतक्या खात्रीनं सांगितलं होतं. कीड लागली तर लागू दे, मी नाही देत."

तो उभाच राहिला. बोलायची हीच वेळ होती आणि खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यानं तोंड उघडलंही. पण बाई वर्गात बघावं तसं त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होत्या, आणि साठीला टेकलेला तो माणूस खाली मान घालून "बरं" म्हणाला आणि निघून आला.

*

घरी बायकोनं गाडीवरचे टेकू बघितले.

"बाईंचा?"

"देत नाहीत."

"काय सांगितलंत त्यांना?"

त्याला सांगावं लागलं. कीड म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिनं पुन्हा विचारलं, आणि त्याला तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पायात चपला घातल्या.

"चला."

"तुला बरं नाही. उद्या जाऊ."

"चला म्हणते ना."

बाईंनी दार उघडलं. बायको खुर्चीवर बसली, दम खाल्ला, आणि प्रस्तावना न करता म्हणाली, "बाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. टेकूनं मला कधीच फरक पडला नाही. पहिल्या दिवसापासून जास्त जळायला लागलं होतं. गोळ्या मी लपवून घ्यायची, मग त्याही सोडल्या. आता घास उतरत नाही. तुम्ही त्याच्यावर झोपू नका, आणि गोळ्या पुन्हा चालू करा. आवाजाचं डॉक्टरांना दाखवा."

बाई पुढे झुकल्या.

"सगळ्यांना सांगत होतीस ते?"

"हो."

"का गं?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं नाही. हातातला रुमाल मांडीवर सरळ करत राहिली. "माझी पाठ मापली होती त्यांनी," ती म्हणाली. "टेपनं. किती वेळ मापत होते. मला वाईट म्हणवेना."

ओळंबा दाराजवळ उभा होता. जशी ती त्याच्या गिऱ्हाइकांसमोर उभी राहायची, तसाच. त्याला चौकटीला हात लावून उभं राहावंसं वाटलं, पण चौकट कुणा दुसऱ्याच्या घरची होती. डॉक्टरणीसमोर खोटं बोलताना, कीड सांगताना त्याला लाज वाटली होती. पण ती लाज लोकांची होती, कुणी पकडेल याची. ही तशी नव्हती. घरातलं एक माणूस रोज रात्री आपल्या शेजारी जळत होतं, आणि आपण "कसं वाटतंय" विचारून कानस आणायला गेलो होतो.

"आणि तुम्ही?" बाई त्याच्याकडे वळल्या. "कीड म्हणे."

"चूक माझी आहे, बाई. लाकूड चांगलं आहे." मग त्याला वाटलं, एवढं पुरेसं नाही. "मला टेकू करायलाच नको होता. डॉक्टरांनी विटा सांगितल्या होत्या. मला आमचा पलंग कललेला बघवला नाही."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं. त्या म्हणाल्या, "मग आता माझ्या पलंगाचं काय ते सांगा. आज मी झोपू कशी?"

त्यानं घरी जाऊन करवत आणली. बाईंचाच टेकू अंगणात आडवा घातला आणि त्याच्या जाड खांबांचे ठोकळे कापले. एकावर एक जोडून वीतभर उंचीचे केले, वर पाय बसेल अशी खाच पाडली आणि बाईंच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सरकवले. बायको खुर्चीवरून सांगत होती, "डावा थोडा कमी आहे." तो बरोबर होता. तरी त्यानं पुन्हा मापला.

पुढचे दोन दिवस तो पुन्हा त्याच दारांवर गेला. बेकरीवाल्याकडे, बाकीच्यांकडे. या वेळी कीड नव्हती. बेकरीवाला म्हणाला, "म्हणजे परवा तुम्ही मला थाप मारलीत? गिऱ्हाइकांसमोर?" ओळंबा हो म्हणाला. या वेळी पाव मिळाला नाही. एका घरातली म्हातारी म्हणाली, एवढी अक्कल होती तर आधी विचारायचं होतं डॉक्टरला. त्यालाही तो हो म्हणाला. त्यानं सगळ्यांच्या पलंगांखाली ठोकळे घातले, आणि कुणाचा पलंग कललेला दिसला तर काही बोलला नाही.

*

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरणीनं कागद वाचला तेव्हा बायकोनं त्याचा हात धरला होता की त्यानं तिचा, ते नंतर दोघांनाही सांगता आलं नाही.

"अस्तर बदललंय, ते दिसतच होतं. कर्करोग नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण हे बदललेलं अस्तर आपोआप पहिल्यासारखं होईल असं धरून चालायचं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि ठरलेल्या वेळी नळी घालून बघत राहायचं. नेहमी. सुटका नाही यातून."

बायको उठली. तो उठला नाही.

"त्या दिवशी मी खोटं सांगितलं तुम्हाला," तो म्हणाला. "टेकू पुष्कळांना दिले होते. परत आणले सगळे. एक सापडत नाही."

डॉक्टरणीनं त्याच्याकडे बघितलं. तिला शाबासकी द्यायची नव्हती आणि तिनं ती दिली नाही. "शोधा," ती म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तो अजून शोधतोय. घड्याळ दुरुस्त करणारा म्हातारा, काळ्या शिसवीचा टेकू नेलेला, कुणाला माहीत आहे का, असं नवीन गिऱ्हाइकालाही विचारतो. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. मग त्याला सगळं सांगावं लागतं, पहिल्यापासून. काहीजण ऐकून काम न देताच जातात.

घरचा पलंग त्यानं इस्पितळातून आल्यावर लगेच उचलला होता. पण तिला त्यानं काही विचारलं नव्हतं. विचारायला तोंड होत नव्हतं. रिपोर्ट आला त्या दुपारी ती खिडकीशी बसली होती. जेवून लगेच आडवं व्हायचं नव्हतं. तो कानावरची पेन्सिल काढून तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"कसं वाटतंय? पलंगावर."

"बरं आहे."

तो उठला नाही. तसाच बसून राहिला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. "घसरायला होतं खाली," ती म्हणाली. "सकाळी पाय पलंगाबाहेर असतात."

"बरं. आणखी?"

"उजवा ठोकळा करकरतो. तुम्ही कूस बदलली की मला जाग येते."

"आणखी?"

"चादर राहत नाही. कंबर दुखते. आणि बघायला चांगला दिसत नाही, खरं सांगायचं तर."

"नाही दिसत," तो म्हणाला. त्याची मान खाली होती. "आणखी?"

ती सांगत राहिली. पलंगाचं संपल्यावर मोरीच्या दाराची कडी, तिच्या उंचीला न पोहोचणारी फळी, कितीतरी वर्षांचं निघालं. तो मध्ये बोलला नाही. ती थांबली तेव्हा तो लाकडाची पट्टी आणि करवत घेऊन आला आणि पलंगाच्या पायथ्याशी, तिच्या पावलांना अडेल अशा उंचीवर, खूण करू लागला.